शालीखालचा एक्स-रे

वडूजच्या बाजारात शे-दीडशे माणसं माना उंचावून बघत होती. तेजनाथ महाराजांनी धुळाच्या छातीचा एक्स-रे भगव्या शालीखाली सरकवला, "रोगा, चालता हो!" असं तीनदा गरजले आणि फिल्म बाहेर काढून उन्हात धरली. फुप्फुसावरचा डाग गायब!

धुळाची आई हरणाबाई महाराजांच्या पाया पडली.

"उद्यापास्नं गोळ्या बंद," महाराज म्हणाले.

मी चरकले. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन दोनच महिने झाले होते. तो एक्स-रे मीच काढला होता. सांगलीला दोन वर्षं एक्स-रे तंत्रज्ञाचा कोर्स करून ९४ साली मी इथल्या दवाखान्यात लागले. गाव मला 'फोटोवाली संयोगिता' म्हणायचं.

"महाराज, बघू तो फोटो."

"तू डाक्टर हायस व्हय गं?" शिष्य नाथाजी आडवा आला.

"नाही. रोग ओळखणं डॉक्टरांचं काम. पण फोटो कुणाचा, हे आधी ताडून बघायला मला शिकवलंय."

लोक बघत होते, त्यामुळे फिल्म द्यावीच लागली. नावाचा कोपरा कात्रीने कापलेला होता. मग मी गळ्याखालची हाडं पाहिली.

"धुळादादा, इथलं हाड मोडलं होतं ना?"

"व्हय. तीन वर्सामागं विहिरीच्या कामावर पडलो व्हतो. गाठ हाय की अजून."

"मग ती या फोटोत का नाही? इथं दोन्ही हाडं सरळ आहेत."

हरणाबाईने लेकाचा गळा चाचपला. गाठ हाताला लागली. महाराज बैठकीचं घोंगडं गुडघ्याखाली दाबू लागले. ती उठली आणि तिने ते खसकन ओढलं. खाली धुळाचा खरा एक्स-रे होता. नाव, तारीख, गाठ आणि डागसुद्धा.

"आवं महाराज, कुणाचा फोटो माझ्या लेकाच्या गळ्यात बांधताय?"

शालीखाली नुसती अदलाबदल झाली होती. पोलीस येईपर्यंत लोकांनी महाराज आणि नाथाजी दोघांनाही हलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुळा गोळ्या न्यायला आला. हरणाबाई माझ्यापाशी रेंगाळली.

"माझी धाकटी धाव्वीला हाय. तुझं शिकायला काय लागतं गं?"

"बारावी सायन्स, मग कोर्स. हाड न् हाड पाठ करायचं, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची. आणि लोक चिडले तरी विचारत राहायचं."

हे शेवटचं शिकायला मात्र सांगलीला जावं लागत नाही. कुणीही, कुठल्याही बाबाला विचारावं. प्रश्न विचारल्याने खरं औषध कधी नासत नाही.