चिगुसाची पट्टी

नेदरलँड्सच्या हेग शहरातल्या आम्हा जपानी वादकांत एक रीत आहे. चाचणीला जो पहिला वाजवणार, त्यानेच लवकर जाऊन हार्पसिकॉर्डचे, म्हणजे पियानोच्या त्या जुन्या पूर्वजाचे, सूर लावायचे. त्या दिवशी युट्रेख्टला तमाकीची पाळी होती. वादकसंचात जागा एकच, आणि शेवटच्या फेरीत उरल्या होत्या तमाकी आणि तिच्याच खोलीत राहणारी चिगुसा. चिगुसाचा राहण्याचा परवाना संपत आला होता. जागा मिळाली नाही, तर बारा वर्षांचं शिक्षण गुंडाळून जपानला, मात्सुमोतोला परत.

सूर लावण्याच्या जुन्या पद्धतीत एक पट्टी हट्टी असते. ती तमाकीच्या रचनेला गोड लागली, की चिगुसाच्या रचनेत नुसती भेसूर ओरडते. म्हणून ठरलं होतं, की तमाकीने आपलं वाजवून झाल्यावर तिथल्या दोन तारा किंचित चढवायच्या. मिनिटाचं काम.

"विसरशील हं," चिगुसा गाडीत म्हणाली होती. "वाजवून उठलीस की तुला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही."

"विसरले तर महिनाभर भांडी मी घासीन, बाई!"

तमाकी झकास वाजवून बाहेर आली आणि खरंच विसरली. दारात चिगुसाने विचारलं, "केलंस ना गं?" तेव्हा कुठे तिला आठवलं. परत आत जाता आलं असतं. परीक्षक काही खाणार नव्हते.

"हो," तमाकी म्हणाली.

मला विचाराल तर विसरणं माफ होतं. ते 'हो' नव्हे.

आतून पहिल्यांदा ती पट्टी ओरडली, तेव्हा तमाकीने भिंतीला हात टेकला. चिगुसा थांबली नाही. थांबून तारा चढवल्या असत्या किंवा तक्रार केली असती, तर तमाकी विसरली हे निघालंच असतं. तिने शेवटपर्यंत वाजवलं आणि ती पट्टी पुन्हापुन्हा ओरडत राहिली.

मुख्य परीक्षक वाउटर दोघींना शोधत बाहेर आले. "तो स्वर असा कुणी ठेवला?"

"मीच, सर," चिगुसा कमरेत वाकून म्हणाली. "मधे बदलायचं माझ्याकडे होतं. माफ करा."

तमाकीला लाज वाटली, जीव नकोसा झाला, पण तिने खरं सांगितलं नाही. संध्याकाळी जागा तमाकीला मिळाल्याचं कळलं.

परतीच्या गाडीत चिगुसाने भाताचा डबा उघडून अर्धा तिच्यापुढे सरकवला.

"चिगुसा, दारात तू विचारलंस ना, तेव्हा मला आठवलं होतं."

"माहितेय. तुझा चेहरा दिसत होता की मला."

"मग तू आत गेलीसच कशी? सांगितलं का नाहीस? मी उद्या वाउटरसरांना सगळं सांगते. जागा सोडते."

"गप्प बस." चिगुसाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ते आता मला नाही, आधीच्या फेरीतल्या कुणालातरी बोलावतील. मी तर चाललेच आहे. तूही सोडलीस, तर मी हे कुणासाठी केलं?"