सरळ रेघेचा स्क्रीनशॉट

वहिनीचं काम खोल्या मांडायचं. फर्निचरच्या मोठ्या शोरूममध्ये त्या तीन भिंतींच्या खोट्या खोल्या असतात ना, चौथ्या बाजूने गिऱ्हाइकांनी बघायच्या, त्या ती सजवत असे. पलंगावरची चादर जराशी विस्कटलेली, बाजूला पालथं ठेवलेलं पुस्तक, खुर्चीखाली एकच चप्पल. "खोलीत कुणी राहतंय असं वाटलं पाहिजे. नाहीतर माणूस आत पाऊलच टाकत नाही," असं ती म्हणे. आणि तिच्या खोल्यांपुढे लोक खरोखरच रेंगाळत.

घरचा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला तेव्हा तिच्या नवऱ्याने त्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली चढवली आणि तिला तिथलं अ‍ॅप्सचं दुकान, सॉफ्टवेअर सेंटर, उघडून दाखवलं. "यातलं हवं ते घे. पैसे पडत नाहीत." वहिनी बघतच राहिली. हिशेबाची अ‍ॅप्स, नकाशे, गाणी जोडायची यंत्रणा, तारे ओळखायची, विणकामाचे नमुने काढायची. दुकान गच्च भरलेलं आणि गल्ला कुठेच नाही! पण दुसऱ्याच दिवशी तिचे हात शिवशिवायला लागले. माल एवढा चांगला आणि मांडणी ही अशी? कुणाचा आयकॉन धुरकट, कुणाच्या स्क्रीनशॉटमध्ये अख्खा डेस्कटॉप आणि अ‍ॅप कुठल्या कोपऱ्यात, कुणाच्या वर्णनात नुसतं "किरकोळ दुरुस्त्या केल्या". ती थेट हे सगळं सुधारणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात शिरली. पहिल्याच दिवशी तिथल्या एकाला म्हणाली, "भाऊजी, एवढा काळोखा फोटो दारावर कोण लावतं हो?" तेव्हापासून अख्ख्या गटाची ती वहिनी झाली.

काम साधं होतं. एखादं अ‍ॅप घ्यायचं, चार दिवस वापरायचं, त्यात खरं वाटेल असं काहीतरी भरायचं, स्वच्छ स्क्रीनशॉट काढायचे, कुणालाही कळेल असं वर्णन लिहायचं आणि बनवणाऱ्याला पाठवायचं. त्याने होकार दिला की ते सॉफ्टवेअर सेंटरमध्ये झळकायचं.

अशात तिच्या वाट्याला 'कंप' नावाचं अ‍ॅप आलं. वर्णन होतं: "भूकंपलेखी संकेतांचे तत्क्षणिक दृश्यांकन." स्क्रीनशॉट एकच. पांढरी खिडकी आणि तिच्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक काळी रेघ. बस्स.

बनवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या चित्राच्या जागी एक घुबड होतं, म्हणून सगळे त्याला घुबडकाका म्हणत. आयुष्यभर जमिनीचे हादरे मोजणारी यंत्रं दुरुस्त केलेला, आता निवृत्त होऊन दूरच्या गावी एकटा राहणारा माणूस, एवढंच माहीत होतं. अ‍ॅपच्या पानावर नंबर होता. त्यावर "मी गटातली वहिनी" म्हणत तिने त्यांना फोन लावला.

"काका, तुमचा स्क्रीनशॉट रिकामा आहे."

"रिकामा नाहीये तो," पलीकडून खरखरीत आवाज आला. "नीट बघा."

"नीटच बघितला. सरळ रेघ आहे. लोकांना वाटेल, अ‍ॅप बंद पडलंय. एखादी छानशी लाट काढून टाकू या का? मी काढून देते."

"खोटी लाट?" काका म्हणाले. "वहिनी, भूकंप झालाच नाही आणि मी तो झाला म्हणून दाखवू?"

वहिनी चपापली. शोरूममधल्या खोट्या खोलीत खोटी पुस्तकं ठेवताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण या माणसाच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि त्यानेच ती ओशाळली.

"मग खरी लाट कुठून आणायची?"

"आणावी लागत नाही. तुमचा पत्ता द्या."

आठवड्याभराने एक जड लाकडी खोकं घरी आलं. आत स्प्रिंगला टांगलेलं पितळी वजन, तारेची गुंडाळी आणि लॅपटॉपला जोडायची एक वायर. सगळं काकांनी हाताने बनवलेलं. घर तळमजल्यावर होतं हे बरं. मागच्या अडगळीच्या खोलीत फरशीच नव्हती, नुसतं काँक्रीट. तिथे खोकं ठेवून वायर स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत ओढली. 'कंप' उघडलं आणि रेघ ताडताड उडायला लागली.

"भूकंप!" वहिनी ओरडली.

"कसला भूकंप?" म्हणत आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या. नवऱ्याची आत्या, अंगाने भरदार, आणि टाच आपटत चालायची सवय. त्या थांबल्या, रेघ थांबली. त्या निघाल्या, रेघ निघाली.

नवरा हसून हसून बेजार झाला. "आत्या, तू बातम्यांत येणार आता!"

"चल, मेल्या!" आत्याबाई म्हणाल्या, पण मग मुद्दाम चार पावलं इकडे आणि चार तिकडे टाकून आल्या आणि चष्मा सावरत आपल्या चालण्याचं चित्र निरखत बसल्या. पुढचे दोन-तीन दिवस तोच खेळ चालला. वॉशिंग मशीन पिळायला लागलं की रेघ जाड व्हायची. वरच्या मजल्यावरचं पोर पलंगावरून उडी मारायचं, तीही दिसायची. कोपऱ्यावर बस वळली की ती दाराशी यायच्या आधी तिची कुरकुर पडद्यावर यायची. वहिनीने धडाधड स्क्रीनशॉट काढले. तिच्या मनासारखं झालं होतं, खोलीत कुणीतरी राहत होतं.

"हे झालं तुमचं घर," काका फोनवर म्हणाले. "आता रविवारी सकाळी सगळ्यांना जरा गप्प बसवा आणि रेघ मोठी करून बघा. खूप मोठी करा."

रविवारी सकाळी रस्ता शांत होता. वहिनीने नवऱ्याला आणि आत्याबाईंना खुर्च्यांवर बसवलं, "पाय हलवायचे नाहीत" अशी तंबी दिली आणि काकांना फोन लावून तो टेबलावर ठेवला. तिने रेघ मोठी केली. अजून मोठी केली. मग तिचा हात थांबला.

रेघ सरळ नव्हती. ती हळूच वर जात होती, हळूच खाली येत होती. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

"काका, हे काय आहे? घरात तर कुणी हललेलं नाही."

"समुद्र," काका म्हणाले.

"आमच्या इथे समुद्र नाहीये काका. कितीतरी लांब आहे."

"माहीत आहे. लांबच्याच समुद्रात कुठेतरी वादळ उठलंय. लाटा एकमेकींवर आदळतात, त्याचा दाब तळापर्यंत पोचतो आणि तळाची जमीन हलते. तीच जमीन तुमच्या घराखालून गेलीय ना? मग ती तिथेही हलते. रात्रंदिवस हलते. मी लावलेल्या त्या सरळ रेघेतही हाच होता. म्हणून म्हटलं, नीट बघा."

वहिनीने खाली फरशीकडे बघितलं. लग्न होऊन ती याच घरात आली होती. याच फरशीवर ती रोज पोछा मारत होती, याच फरशीवर कधी रुसून बसली होती, आणि इतका सगळा काळ खालून समुद्र श्वास घेत होता! तिने नवऱ्याकडे बघितलं. तो तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत होता. आत्याबाईंनी नकळत हात जोडले होते.

ती स्क्रीनशॉटची कळ दाबणार एवढ्यात रेघ झर्रकन थरथरली.

"अहो, पाय हलवू नका म्हटलं ना!"

"नाही हलवला! शपथ!"

"आत्याबाई?"

"मी श्वाससुद्धा घेत नाहीये गं."

रेघ पुन्हा थरथरली, आणि थरथरतच राहिली. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "माझ्याकडेही आलंय," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली खरखर कुठल्या कुठे गेली होती. "वहिनी, कशालाही हात लावू नका. बंद करू नका. हा मोठा आहे. खूप लांबचा आहे. पृथ्वीच्या पोटातून आलाय."

"कुठून?"

"बघतो. जगभरच्या नोंदी जुळवाव्या लागतील. पण हे नुसते पुढे धावत आलेले निरोप्ये आहेत. खरी स्वारी मागून येतेय, जमिनीच्या पाठीवरून, संथपणे."

कुणी उठलं नाही. चहाची वेळ टळून गेली. आणि मग ती आली. रेघ वर चढायला लागली ती चढतच गेली, जणू कुणी सावकाश जिना चढतंय. वर जाऊन थबकली, आणि तितक्याच सावकाश खाली उतरत पडद्याच्या तळाला गेली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

"ही जमीन आहे?" वहिनीने हळू आवाजात विचारलं.

"ही तुमची जमीन आहे. तुम्ही आत्ता वर जाताय. टाचणीच्या डोक्याएवढ्या. आता खाली येताय."

वहिनी खुर्चीवरून उतरली आणि तिने फरशीवर दोन्ही तळवे टेकले. गार फरशी. काहीच जाणवेना. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी आरशासारखं होतं. खिडकीबाहेर शेजारी सायकलच्या चाकात हवा भरत होता, पलीकडे एक बाई बाल्कनीत कपडे झटकत होती. तेही वर जात होते, खाली येत होते. समोरची इमारत, बसचा थांबा, अख्खं शहर, शहराबाहेरची शेतं, सगळं एकदम उचललं जात होतं आणि अलगद खाली ठेवलं जात होतं, आणि कुणाला म्हणून त्याचा पत्ता नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. एवढं मोठं काहीतरी एवढ्या हलक्या हाताने चाललेलं तिने कधी बघितलं नव्हतं.

"अगं, फोटो काढ ना," नवरा कुजबुजला. "असा परत मिळायचा नाही."

तिचं बोट कळेवर गेलं होतंच. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "जिथून निघालंय तिथे काय झालं असेल रे?"

वहिनीने हात मागे घेतला. इथे टाचणीच्या डोक्याएवढं होतं. तिथे कुणाचं घर असेल. कुणाच्या पडलेल्या भिंतीचं चित्र काढून ती सॉफ्टवेअर सेंटरमध्ये टांगणार होती का?

"काका, मी नाही काढत," ती म्हणाली. "आधी कळू दे."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मीही कधी काढला नाही, तो याचसाठी."

रेघ हळूहळू निवत गेली. बातमी यायला वेळ लागला. मग काकांनीच सांगितलं. भूकंप भर समुद्रात, पाण्याखाली, मोठ्या वस्तीपासून लांब झाला होता. जवळच्या काही बेटांवरची माणसं लाटेच्या भीतीने डोंगरावर चढली होती. लाट फार मोठी आली नाही. सगळे खाली उतरत होते. कुणी दगावलं नव्हतं.

आत्याबाईंनी सुस्कारा सोडला आणि जेवणाला लागा म्हणाल्या. वहिनी मात्र खट्टू झाली. "बरं झालं, पण आता तो क्षण गेला."

"गेला कसा?" काका हसले. पहिल्यांदाच हसले. "तळ्यात दगड टाकला तर वर्तुळ एकाच बाजूला जातं का? तुम्हाला भेटली ती जवळच्या वाटेने आलेली. उरलेली उलट्या दिशेने निघालीय, पृथ्वीची पाठ ओलांडून लांबून येतेय. जेवताना डोळा ठेवा."

ते तिघे पडद्यासमोरच जेवले. घास हातातच राहिले, कारण काकांनी सांगितलं त्या सुमाराला, रेघ पुन्हा चढायला लागली. आधीपेक्षा बारीक, दमलेली, पण तीच चाल, तोच संथ जिना. या वेळी ती उलट्या बाजूने येत होती. किती समुद्र, किती डोंगर, किती झोपलेली आणि जागी शहरं उचलत आणि खाली ठेवत ती या स्वयंपाकघराखाली पोचली होती.

"आली गं बाई," आत्याबाई म्हणाल्या, जशी दूरच्या गावाहून कुणी लेक यावी.

वहिनीने कळ दाबली.

सॉफ्टवेअर सेंटरमध्ये 'कंप'चं पान बदललं. पहिल्या चित्रात आत्याबाईंची पावलं, दुसऱ्यात नंतरच्या एका शांत सकाळी टिपलेला समुद्र, तिसऱ्यात ती लाट, तारखेसकट. प्रत्येकाखाली एक साधी ओळ. वर्णन वहिनीने चार वेळा लिहून पाचव्यांदा काकांना वाचून दाखवलं: "तुमच्या पायांखालची जमीन आत्ता काय करते आहे, ते बघा." काकांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "एवढंच तर सांगायचं होतं मला. जमत नव्हतं."

अ‍ॅप लोकांनी घ्यायला सुरुवात केली. काकांकडे खोकं कसं बनवायचं ते विचारणारे फोन येऊ लागले, आणि ते फोनवर तासन्‌तास बोलू लागले. गटातल्या एका भाऊजींनी विचारलं, "वहिनी, तिसऱ्या चित्रातली लाट नमुन्यादाखल काढलीय का?" वहिनीने उत्तर दिलं, "खरी आहे. आम्ही तेव्हा जेवत होतो."

काही महिन्यांनी त्या पानावर एक प्रतिक्रिया आली. मोडक्या भाषेत, यंत्राकडून भाषांतर करून घेतलेली. लिहिणारी बेटावरची एक शिक्षिका होती. त्या दिवशी वस्तीतली शाळेची मुलं गोळा करून ती डोंगरावर चढली होती. पायांखालची जमीन पुन्हा पुन्हा हलत होती, म्हणून मुलं रांगत वर गेली. आता शाळेत जुन्या संगणकावर लिनक्स आलं होतं, अ‍ॅप शोधता शोधता तिसरं चित्र समोर आलं, आणि खाली ती तारीख. तिने लिहिलं होतं: "ही आमची लाट आहे. ती पुढे कुठे गेली असेल, असं मुलं विचारत होती."

वहिनीने ते दोनदा वाचलं. मग नवऱ्याला आणि आत्याबाईंना बोलावून वाचून दाखवलं, काकांना फोनवर वाचून दाखवलं. शेवटी ती टेबलाशी बसली आणि तिने लिहिलं:

"मुलांना सांगा, ती आमच्या घरी पोचली. आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने. आम्ही तिची वाट बघत बसलो होतो."