फॉर्मवरचं पहिलं नाव

गाण्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर गुणवंतचं नाव पाहिलं आणि छायाच्या मस्तकात तिडीक गेली. सांबा, तिकडचं ठेक्याचं गाणं, जुरेमाचा, शब्द तिचे, चालही तिची. इथे आखातात, छायाच्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये ही ब्राझिलची बाई तीन वर्षं भाड्याने राहत होती. छायाच्या लेकीला, इराला, दात येत होते तेव्हा पोरीला खांद्यावर टाकून, एका हाताने काडेपेटीवर ताल धरून तिने ते गाणं रचलं होतं. आता ते रेकॉर्ड होणार, आणि लेखक म्हणून पहिला कोण, तर हॉटेलचा बँड सांभाळणारा गुणवंत!

"हे कोणी लिहिलं, मावशी?"

"मीच," जुरेमा तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली.

रिओत त्यांच्या वस्तीची रीतच तशी होती म्हणे. जो गाणं रेकॉर्ड करवून देईल त्याचं नाव लेखकात घालायचं. तिची सव्वीस गाणी अशीच गेली. लोक ती अजून गातात, वाहवा त्या पुरुषांची होते. हे सगळं तिने इराचं टोपडं बांधत, जेवायला काय केलंय ते सांगावं तसं सांगितलं. छायाला त्याचाच जास्त संताप आला.

समोर बसलेला गुणवंत म्हणाला, बाईंनी आपणहून दिलंय, मी मागितलं का? मागितलं नव्हतं, खरं होतं. पण नको म्हणायलाही त्याची जीभ उचलली नव्हती. छायाने पेन ओढून घेतलं आणि त्याचं नाव कागद फाटेस्तोवर खोडलं.

"मग स्टुडिओपण नाही. खलास," तो म्हणाला.

छायाने मोठ्या आशेने जुरेमाकडे पाहिलं. जुरेमाचा चेहरा लाल झाला होता.

"चाळीस वर्षं माझ्या गाण्यावर कोणाचं नाव, ते दुसरेच ठरवत आले. आज तू ठरवलंस."

जुरेमाने कोरा फॉर्म मागितला. बाई वळणावर आली असं समजून गुणवंतने हसत पुढे केला. तिने आपलं आख्खं नाव लिहिलं, आईचं, बापाचं, सगळं, ते दुसऱ्या ओळीवर उतरेपर्यंत. खाली सही ठोकली.

असला फॉर्म मी पाठवणार नाही, गुणवंत म्हणाला.

"नको पाठवू." तिने कागद पर्समध्ये घातला, इराची गाडी दाराकडे वळवली. "चल, छाया. आणि दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस."