बारावी ओळ

१९५५च्या ऑगस्टमध्ये मंदाकिनी टिपणीसची अमेरिकेला जायची तयारी जवळजवळ झाली होती. तिथल्या एका विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली होती आणि इथल्या संशोधन संस्थेतली तिची मुदत मार्चमध्येच संपली होती. खाऱ्या जमिनीत तगणारं भात शोधायचं तिचं काम मात्र अर्धवट होतं. माजिवड्याच्या गुणाजी पाटलांनी खाडीलगतचा एक तुकडा तिला दिला होता. त्यात तिने बारा वाणांच्या बारा ओळी लावल्या होत्या.

उधाणात बांध फुटला. खारं पाणी ओसरल्यावर गुणाजींनी निरोप धाडला, तशी ती सायकल हाणत पोचली. अकरा ओळी करपल्या होत्या. बारावी हिरवीगार उभी होती.

"ही कशी जगली गो?"

"तेच शोधायला हवं, काका."

"मंग तू गेलीस त कोन शोधल? भात मी राखीन. तुजं वहीतलं मला नाय जमत."

ती तडक नौपाड्याला तिच्या मार्गदर्शकांकडे, हरिहर गद्रेसरांकडे गेली. "सर, कापणीपर्यंत मी हलत नाही. पण पुढे मला इथे बसायला टेबलसुद्धा नाही."

"देशसेवेवर भाषण मी देणार नाही," सर म्हणाले. "काय हवं ते लिहून दे."

कायमची जागा, एक खोली, खोलीत वीज. एवढंच तिने लिहिलं.

संस्थेची समिती 'विचार करू' म्हणाली. मग सरांनी समितीच्या तिघांनाही शेतात आणून चिखलात उतरवलं. अध्यक्षांचे बूट रुतले, ते गुणाजींच्या बायकोने, हौसाबाईंनी, उपसून धुऊन दिले. अनवाणीच अध्यक्ष त्या ओळीपाशी बराच वेळ उभे राहिले.

"किती वर्षं लागतील?"

"चार. मध्येच मला काढलं नाहीत तर."

ते हसले. दसऱ्याआधी नेमणुकीचं पत्र आलं. खोलीही मिळाली, विजेला आणखी सहा महिने लागले.

अमेरिकेतल्या प्राध्यापकांना तिने नकार कळवला, कारणही लिहिलं. ते रागावतील असं तिला वाटत होतं. कापणीच्या दिवशी उत्तर आलं, ते तिने खळ्यावर सगळ्यांना मराठीत सांगितलं. 'असं शेत आमच्याकडे नाही. माझा एक विद्यार्थी वर्षभर तुमच्याकडे शिकायला पाठवू का?'

हौसाबाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"येऊ दे की. पन त्याला सुकट चालंल का, ते आदी इचार."