उजवीकडून

मित्रांनो, मी सायकलची एक जुनी घंटी आहे. सायकल मात्र आता माझ्यासोबत नाही. सध्या मी पलंगाशेजारच्या एका टेबलाच्या कडेला बसवलेली आहे. इथे कशी आले, ते सांगते.

मी पितळेची आहे. माझ्या पोटात दातेरी चाके आहेत. खटका दाबला की ती फिरतात आणि दोन लहान चकत्या माझ्या वाटीवर आतून आपटत जातात. ही वाटी फक्त मधोमध टेकलेली असते. कडेला कशाचाही स्पर्श झाला की आवाज मरतो. म्हणून कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक बाई प्रत्येक घंटी वाजवून ऐकत. मला ऐकल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "ही वाजल्यावर ऐकू आलं नाही, असं म्हणायची कोणाची सोय नाही." त्या शाबासकीवर मी अनेक वर्षे जगले.

मला जिने विकत घेतले, तिला सगळ्या घरात मावशी म्हणत. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवत असे. समोरचे दात तिच्याकडेच येत. मेणाचा दात कोरताना तिचा उजवा हात असा चाले, की शेजारचे कारागीर म्हणत, "मावशी, तुमचे दात लावले की माणूस उगाचच हसत सुटतो." ती म्हणे, "हसू दे. फुकटची जाहिरात."

कामाची वाट कालव्याच्या काठाने जात होती. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला पाण्यालगतचा दगडी कठडा, आणि मधली पट्टी चालणाऱ्यांची व सायकलवाल्यांची, दोघांची. सुरुवातीला मी वाजले की लोक वळून बघत आणि हात हलवत. एक आजोबा काठी टेकून बाजूला होत आणि म्हणत, "या, या, दातवाल्या बाई! माझी खालची कवळी अजून शाबूत आहे बरं का!"

मग लोकांच्या कानांत काहीतरी आले. हातांतही आले. मी वाजत राहिले, पण माना वळेनात. एकदा वाटेच्या तोंडाशी उभ्या गाडीचे दार अचानक उघडले आणि मावशी त्याला अगदी घासून गेली. एकदा कुत्र्याची लांब दोरी वाटेत आडवी ताणलेली होती. कुत्रा या टोकाला, मालकीण त्या टोकाला, आणि तिचे डोळे फोनमध्ये. एकदा संपूर्ण कुटुंब हातात हात घालून वाट अडवून चालत होते. मावशी उतरली, तर त्यातले गृहस्थ म्हणाले, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

"तुमच्याही बापाचा आहे हो," ती म्हणाली, "म्हणून तर अर्धाच मागतेय."

तिची भाची शिकायला तिच्याकडे राहत असे. ती मागच्या सायकलवर होती. खो खो हसली. मावशीने तिला नियम घालून दिला होता: आधी घंटी, मग कोणत्या बाजूने येतोय ते मोठ्याने सांगायचे, मगच पुढे जायचे.

एके सकाळी, भाची मागेच असताना, एक माणूस फोनवर बोलत डाव्या बाजूने चालला होता. उजवीकडे भरपूर जागा होती. मावशीने मला वाजवले. पुन्हा वाजवले. मग ती ओरडली, "उजवीकडून!"

त्याला त्यातले फक्त 'उजवी' ऐकू आले असावे. मागे न बघता तो आज्ञाधारकपणे उजवीकडे सरकला.

मावशीने सायकल कठड्याकडे वळवली. माझी वाटी दगडावर आपटली, आणि शेजारी तिचा उजवा हात. त्या माणसाने कानातले इअरफोन काढले. "अहो, घंटी वाजवायची ना!" तो म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच वाईट वाटत होते.

मनगटाचे हाड मोडले होते. डॉक्टर म्हणाले, जुळेल, पण आता एकही धक्का लागता कामा नये. नाहीतर बारीक काम विसरा. भाचीने माझी वाटी ठोकून सरळ केली, मला पुसले आणि या टेबलाला बसवले. "काहीही लागलं तर वाजव. मी शेजारीच आहे." माझा खटका डाव्या अंगठ्यानेही दबतो, तेव्हा अडचण नव्हती. आवाज पहिल्यासारखाच स्वच्छ होता.

मावशी पडल्या पडल्या एकच विचारी.

"मी 'उजवीकडून' म्हटलं ना गं? 'उजवीकडे' नाही ना?"

"कडून म्हणालीस, मावशी."

"नक्की?"

मलाही ठाऊक होते. पण मला एकच शब्द येतो.

हाड जुळत आले होते. एका दुपारी तिला तहान लागली. तिने मला वाजवले. थांबली. पुन्हा वाजवले. दार सताड उघडे होते. स्वयंपाकघरात ओट्याशी भाचीची पाठ मला दिसत होती. तिची मान कुठल्यातरी गाण्यावर डोलत होती.

मावशी उठली. पाण्याचे भांडे ओट्याच्या उजव्या टोकाला होते. भाचीच्या मागे जाऊन ती हळूच म्हणाली, "उजवीकडून जाते गं."

भाची मागे न बघता उजवीकडे सरकली. तिचे कोपर प्लास्टरवर जोरात बसले.

"अगं मावशी!" तिने कानातले इअरफोन ओढून काढले. "घंटी वाजवायची ना!"

ओट्याला धरून मावशी खाली बसली. भाचीने तोंडावर हात ठेवला. 'उजवीकडून' हा शब्द तिला आता ऐकू आला होता.

प्लास्टर निघाले तेव्हा बोटे हलत होती, पण मेणावर हात थरथरू लागला. समोरचे दात आता दुसरे कोणी कोरते. सायकल विकली गेली. भाचीने कानातले कधीच टाकून दिले. मी वाजायच्या आधीच ती धावत येते. पण मावशी मला वाजवतच नाही. तहान लागली तर स्वतः उठते, आणि भिंतीला धरून जाते.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका. मागून कोणी येत असेल, तर एकदा वळून बघा. आवाज करणे माझ्या हातात होते. ते मी केले.