कठड्यावरची भाकरी

बोरजाई गावात नगराध्यक्षाबद्दल काही मत नाही असा माणूस आणून दाखवा, त्याची दाढी जन्मभर फुकट करीन, अशी पैज सलूनवाल्या हौशीरामनं लावली त्याला आता दीड वर्ष झालं. अजून एकाही बहाद्दराची दाढी त्याला फुकट करावी लागलेली नाही.

मतं काय, उदंड! "पोरगं लई गुणाचं," म्हणणारे तर पैशाला पासरी. सूरज तळपे, वय वर्षं एकोणतीस, भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरातला, बोरजाईसारख्या बाजाराच्या गावाचा नगराध्यक्ष झाला आणि गावाला घरात जावई आल्यासारखं झालं. नळाला ठरल्या वेळी पाणी येतं, फोन केला तर साहेब स्वतः उचलतात, म्हातारं माणूस दिसलं की स्कूटीवरून उतरून पाया पडतात. "खुर्ची राखीव निघाली म्हणून आला," असं एखादा पुटपुटला, तर हौशीराम वस्तरा हवेतच थांबवायचा. "राखीव खुर्चीला उभे किती व्हते? सात. निवडून किती आले? एक. आता मान सरळ ठेव, न्हाईतर कान जाईल." वस्तऱ्यापुढं कोण बोलणार?

खरी गंमत पुढंच आहे. निवडणुकीआधी "डोंगरातलं पोर, त्याला नगरपंचायत काय कळणार" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आता एकेक गोष्ट आठवायला लागली. शिंप्याला आठवलं, साहेबांची पहिली फुल पँट आपणच शिवली. शाळेच्या शिपायाला आठवलं, घंटा वाजवायला आपण त्यालाच द्यायचो. हौशीरामला आठवलं, पहिली कटिंग आपल्याच खुर्चीत. सूरज दहा वर्षांचा असताना गावातल्या वसतिगृहात शिकायला आला, एवढं खरं. पण एवढी जीव लावणारी माणसं गावात होती, तर पोर त्या वर्षी वाळून काटकी कसं झालं, हे कुणी विचारत नव्हतं. असतील शितं तर जमतील भुतं, दुसरं काय!

एकट्या चिमाबाईंना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. निदान त्या तसं सांगायच्या.

चिमाबाईंची खानावळ पिंपळाखाली, स्टँडच्या मागं. मासवडी खावी तर तिथलीच. आळेफाट्याकडं निघालेले ट्रकवालेसुद्धा मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. नवरा गेल्यावर या बाईनं एका तव्यावर धंदा उभा केला होता आणि तोंडानं ती तव्याहून तापट होती. कुणी जेवता जेवता साहेबांचा विषय काढला की चिमाबाई म्हणायच्या, "चांगला हाय. रस्सा वाढू का?"

सून नूतन मात्र बेचैन असायची. "आत्या, साहेबांनी गावातली एक टपरी सोडली नाही. सगळीकडं चहा पितात. आपल्याच दारात पाऊल का टाकत नाहीत हो?"

"त्याला मासवडी आवडत नसंल."

"मासवडी कुणाला आवडत नाही?"

यावर चिमाबाई परातीतलं पीठ जोरजोरात मळायला लागायच्या. कारण साहेब का येत नाहीत ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं.

झालं होतं ते असं. बोरजाईत तव्यावरची पहिली भाकरी गाईची. देवीला सोडलेली एक गाय सकाळी घरोघर फिरायची, आणि तिच्यासाठी जो तो आपल्या दारच्या कठड्यावर भाकरी ठेवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी, खानावळ नवी नवी असताना, ती गाय चिमाबाईंच्या दारात थांबेनाशी झाली. यायची, रिकामा कठडा हुंगायची आणि पुढं जायची. कठडा रिकामा बघून चिमाबाईंना आधी वाटलं कुत्रं असेल, मग वाटलं देवीच रुसली. एकट्या बाईचा धंदा, त्यात देवी रुसलेली! आठव्या दिवशी त्या दारामागं दबा धरून बसल्या. आणि बघतात तर काय, हाफ चड्डीतलं एक काळंसावळं पोर भाकरी उचलून तोंडात कोंबतंय.

"मेल्या, देवीच्या गाईची भाकरी खातोस?" म्हणत त्यांनी हातातलं उलथनं फेकून मारलं. ते पोराच्या पोटरीवर बसलं. पोर कळवळलं, पडलं, उठलं आणि भाकरी छातीशी धरून पळालं. संध्याकाळी कळलं की वसतिगृहाचा आचारी आठ दिवसांपूर्वीच पळालाय आणि पोरं एकवेळच्या भातावर आहेत. दुसऱ्या दिवशी चिमाबाईंनी कठड्यावर दोन भाकऱ्या ठेवल्या, वर गुळाचा खडा. गाईनं दोन्ही खाल्ल्या. पोर काही परत आलं नाही.

त्या पोराचं पुढं काय झालं, हे त्यांना निवडणुकीच्या सभेत कळलं. मंचावर उभं राहून सूरज सांगत होता, "या गावात पिंपळाखालच्या एका घराला कठडा होता. त्या कठड्यावर एक माउली आमच्यासारख्या उपाशी पोरांसाठी बाजरीची भाकरी ठेवायची. आमच्या डोंगरात भात आणि नाचणी. बाजरी मी या गावात पहिल्यांदा खाल्ली. त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे." लोकांनी डोळे पुसले. चिमाबाई मात्र पदर पुढं ओढून मागच्या मागं घरी आल्या. पोरगा मोठ्या मनाचा, म्हणून उलथन्याचं बोलत नाही. पण विसरला असता तर खानावळीत आला नसता का?

हे प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण गावाला यात्रा आली आणि यात्रा कमिटीला रखमाजी नावाचा उत्साही अध्यक्ष होता.

बोरजाईच्या यात्रेत, आणे गावच्या यात्रेत असते तशीच, आमटी-भाकरी असते. आमटी देवळापुढं मोठाल्या कढयांत शिजते, भाकऱ्या घराघरांतून येतात. त्यातली पहिली भाकरी मानाची. ती डोक्यावर घेऊन घरची बाई वाजतगाजत देवळात जाते आणि मगच पंगत बसते. हा मान वर्षानुवर्षं उज्ज्वलाबाईंच्या घराण्याचा. यंदा नगराध्यक्षांच्या सत्काराला सूरजनं कठड्याची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि रखमाजींनी माईकच हिसकावला. "मंडळी, ठरलं! ज्या माउलीनं आमच्या साहेबांना गावातली पहिली भाकरी दिली, यंदाचा मान तिचा! रविवारी देवळात बैठक. ती माउली पुढं येऊ द्या!" टाळ्यांचा पाऊस पडला. साहेब मात्र चांगलेच चपापले. "अहो रखमाजी, कशाला, राहू द्या..." असं ते म्हणत होते, पण टाळ्यांत कोण ऐकतं?

झालं! गावात ज्याच्या ज्याच्या दाराला कठडा, तो तो माउलीचा वारस झाला. ज्यांना कठडा नव्हता, त्यांचा रस्तारुंदीत पडला होता म्हणे.

"आत्या, आपला बी कठडा होता की!" नूतन म्हणाली. "पिंपळाखालचं घर असं तर साहेब सभेत बोलले होते. गावात पिंपळ किती? चार. तुम्ही फक्त उभ्या राहा."

"मी न्हाई जायची."

"अहो, मान आहे! देवीची पहिली भाकरी आपल्या घरची! नशीब लागतं त्याला."

नशीब लागतं, हे चिमाबाईंना काय सांगायला हवं होतं? दरवर्षी उज्ज्वलाबाईंच्या डोक्यावरची ती भाकरी बघताना त्यांच्या जिवाची किती उलघाल व्हायची. पण उभं राहायचं म्हणजे माउली म्हणून खोटं उभं राहायचं. आणि खरं बोलायचं म्हणजे, ज्या पोराला गाव डोक्यावर घेतं त्याला आपण एका भाकरीपायी मारलं, हे चारचौघांत सांगायचं. उद्यापासून खानावळीत कुत्रं तरी फिरकेल का? इकडं आड, तिकडं विहीर.

रविवारी नूतननं त्यांना ओढतच नेलं. देऊळ गच्च भरलं होतं. पुढच्या सतरंजीवर सूरजची आई बसली होती, अंबाबाई. लेकाची यात्रा बघायला डोंगरातून खास उतरलेली, अंगानं वाळकी पण नजर अशी की गडी माणसानं दोनदा विचार करून बोलावं.

चौदा घरांनी दावा केला. कुणी भाकरीवर चटणी ठेवायचं, कुणी लोणी. एकानं तर शिकरणही ठेवली. कठड्यावर शिकरण! सूरज खाली मान घालून प्रत्येकाला "असेल, असेल" म्हणत होता. शेवटी उज्ज्वलाबाई उठल्या. मान घरातून जाऊ नये म्हणून बाई तयारीनं आल्या होत्या, हातरुमालासकट.

"मी रोज खिडकीतून बघायची," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "इवलंसं पोर भाकरी घ्यायला बिचकायचं. मग मीच म्हणायची, खा बाळा. पोटभर खा."

देवळात सगळीकडं चुकचुक झाली. दारातल्या पिंपळाचं काय, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. रखमाजींनी मानाचा नारळ उचलला. "मग ठरलं म्हणायचं? साहेब?"

"ठरवा तुम्ही," सूरज पुटपुटला.

चिमाबाईंच्या अंगाचा मात्र भडका उडाला. मान गेला त्याचं काही नाही. पण "खा बाळा"! हेच दोन शब्द एकोणीस वर्षं त्यांच्या घशात अडकले होते. पीठ मळताना, भाकरी थापताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या मनातल्या मनात ते म्हणत आल्या होत्या. त्या वेळी म्हणायचे राहिले ते राहिलेच, आणि ही बाई ते देवीसमोर खुशाल आपल्या नावावर करत होती.

"खोटं!" त्या उठल्याच. नूतननं पदर धरला तो त्यांनी हिसडला. "खा बाळा कुणी म्हणलं न्हाई! कुणीच न्हाई! ती भाकरी माझ्या कठड्यावरची व्हती. अन् पोरांसाठी न्हवती, गाईची व्हती. मी काय माउली-बिउली न्हाई. मी त्याला उलथनं फेकून मारलं. उपाशी पोराला मारलं मी. आता मला गावानं काय म्हणायचं ते म्हणा."

नूतननं तोंड पदरात लपवलं.

आणि मग मागून हौशीरामचा आवाज आला. "आमची बी गाईचीच व्हती राव."

"आमची पण," शिकरणवाला म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळं देऊळ हसायला लागलं. उज्ज्वलाबाईंनी रुमाल हळूच कमरेला खोचला. "खिडकी तरी कुठं आहे आमच्या घराला त्या बाजूनं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि हसल्या.

एकटा सूरज हसत नव्हता. तो उठून चिमाबाईंपुढं आला. नगराध्यक्ष कसला, शाळेत चूक सापडलेला पोरगा दिसत होता.

"मावशी, मला माहीत होतं ती गाईची आहे ते," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच माहीत होतं. आठ दिवस गाय मागून येताना दिसायची आणि तिच्या आधी पोचावं म्हणून मी पळायचो. सभेत कसं सांगू, की तुमचा नगराध्यक्ष देवीच्या गाईच्या तोंडचा घास चोरून खायचा? म्हणून माउली केली. तुमच्या खानावळीत यायची तर छातीच झाली नाही. वाटायचं, तुम्ही ओळखाल आणि भरल्या पंगतीत म्हणाल, हाच तो चोर."

चिमाबाई बघतच राहिल्या. निवडणुकीपासून त्या याला भीत होत्या, आणि हा त्यांना! "अरे, मला वाटलं तू माझ्यावर डूख धरून हाईस," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मग मान कुणाला द्यायचा म्हणता?" रखमाजी नारळ घेऊन ताटकळले होते.

"यांनाच," सूरज म्हणाला. "ठेवली कुणासाठी का असेना, भाकरी यांचीच खाल्लीय मी."

रखमाजींनी नारळ चिमाबाईंच्या ओटीत घातला. टाळ्या वाजायला लागल्या, आणि तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून अंबाबाई उठल्या. गर्दीतून वाट काढत सरळ लेकापाशी आल्या आणि साऱ्या गावादेखत त्यांनी नगराध्यक्षाचा कान धरला.

"मला काय सांगितलं व्हतंस रं? एक माउली हाय, ती बोलावून जेवू घालती! म्या इतकी वर्षं त्या माउलीच्या नावानं देवापाशी दिवा लावला. अन् तू गाईची भाकरी चोरत व्हतास? आठ दिस? मुक्या जनावराची?" कान पिळला गेला तसे साहेब टाचा वर करून उभे राहिले. "आई, लोक बघतायत," ते कळवळून म्हणाले. लोक बघत तर होतेच. हौशीरामनं मोबाइलही काढला होता.

चिमाबाई पुढं झाल्या. नारळ नूतनच्या हातात देऊन त्यांनी अंबाबाईंचं मनगट धरलं.

"सोडा त्याचा कान, अंबाबाई," त्या म्हणाल्या. "लेकराला भूक लागली व्हती."