गोड बोलणारी सिस्टर

गळ्याला भोक पाडून नळी बसवलेल्या माणसाचा श्वास कानांनी राखावा लागतो. अठरा वर्षांत सिस्टरला हे पक्कं कळलं होतं, म्हणून नळीतला कफ ओढताना ती चकार शब्द काढत नसे. सध्या ती ज्या म्हाताऱ्याकडे घरी ड्यूटीला होती, त्याच्या लेकीच्या मात्र नेमकं तेच डोक्यात जायचं. तिला काम तर चोख हवं होतंच, वर लाडही हवे होते.

"दगड बरा तुमच्यापेक्षा," सकाळी दारातच ती कडाडली. "त्यांना बाबा म्हणा, चार गोड शब्द बोला. हसलात तर दात पडतील का?"

"ताई, त्या वेळी मला ऐकावं लागतं."

"सबबी नकोत. नाहीतर दुसरी मागवते मी."

दुसरी म्हणजे कालपरवा शिकून आलेली एखादी, हे सिस्टरला ठाऊक होतं. तिने राग गिळला आणि कफ ओढता ओढता ती सुरू झाली. "बाबा, आज किती छान दिसताय! झोप लागली ना बाबा?" लेक पलंगाशी उभी राहून खूश. या लाडीगोडीत नळीतून आलेली बारीक शिट्टी, म्हणजे आत कफ अडकल्याची खूण, सिस्टरला ऐकूच आली नाही. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले, तेव्हा कुठे ती गप्प झाली. झटकन तिने गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी दुसरी नळी उपसली. कफाचा गोळा निघाला, श्वास परतला. सिस्टरला स्वतःची भयंकर लाज वाटली. असली चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

"त्यांचा जीव जात होता, आणि तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही!" लेक रडत ओरडली आणि तिथल्या तिथे तिने सिस्टर पुरवणाऱ्या संस्थेला फोन लावला. "उद्यापासून दुसरी पाठवा. जरा मायाळू बघा."

"ती येईल उद्या सकाळी," सिस्टर म्हणाली. "माझी ड्यूटी सहाला संपते. मधल्या वेळात नळीतला कफ तुम्हालाच ओढायचाय. हातमोजे घाला, शिकवते."

लेकीपुढे इलाज नव्हता. हातमोजे चढवून तिने कफ ओढायची बारीक नळी आत सरकवली. म्हातारा भेदरून तिच्याकडे बघत राहिला. तिचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम.

"बोला ना त्यांच्याशी," सिस्टर म्हणाली. "हसा थोडं. बाबा म्हणा."

"गप्प बसा हो!" लेक खेकसली. "मला ऐकू येत नाहीये!"